इंदापूरच्या रणापासून तिरुवारूरच्या पालखीपर्यंत : तंजावरचे संगीतकार राजे शहाजी

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण ओलांडले की डाळज लागते. एका बाजूस उजनीचा पसरलेला फुगवटा, दुसऱ्या बाजूस ऊस, आणि पुढे इंदापूर. याच इंदापूरच्या लढाईत मालोजीराजे भोसले पडले. शिवछत्रपतींचे हे आजोबा निजामशाहीचे सरदार होते. इंदापूरची गढी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि भोसले घराण्याचा इतिहास सांगताना तिचा उल्लेख एखाद्या वाक्यात होतो. त्यानंतर कथा शहाजीराजे, शिवनेरी, पुणे आणि रायगड या ओळखीच्या वाटेने पुढे जाते.

मालोजींच्या रक्ताची दुसरी एक वाट मात्र इंदापुरातून थेट कावेरीच्या मुखाशी जाते. तिच्या टोकाला मालोजींचा एक पणतू बसलेला दिसतो. तो गादीवर आहे, पण त्याची कीर्ती तलवारीची नव्हे. त्याने संगीत नाटके रचली, शेकडो पदे रचली, रागांच्या लक्षणांवर ग्रंथ सिद्ध केला. युरोपात ज्या काळाला ‘बरोक’ म्हणतात, म्हणजे साधारण १६०० ते १७५० ही दीडशे वर्षे, त्याच्या अगदी मध्यावर हा राजा होऊन गेला. आर्कान्जेलो कोरेल्ली हा व्हायोलिनचा थोर इटालियन वादक व रचनाकार १७१३ मध्ये वारला. तंजावरच्या शहाजीराजांची कारकीर्द त्याच्या एक वर्ष आधी, १७१२ मध्ये संपली. कोरेल्लीचे नाव पाश्चात्त्य संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. शहाजीराजांचे नाव मराठी शाळेच्या पुस्तकात क्वचितच भेटते.

हे घराणे तंजावरला पोहोचले कसे, हे आधी पाहिले पाहिजे. थोरल्या शहाजीराजांच्या मोकाशात पुणे, सुपे, इंदापूर, चाकण हे परगणे होते. जिजाबाईंखेरीज त्यांची दुसरी पत्नी तुकाबाई ही मोहित्यांच्या घरची. तिचा भाऊ संभाजी मोहिते सुप्याचा कारभार पाहत असे. हे सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातले. शिवरायांनी पुढे या सावत्रमामाला बाजूला सारून सुपे ताब्यात घेतले, ही कथा सर्वांना माहीत आहे. या तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी. तंजावरकरांचे आजोळ अशा रीतीने सुप्याच्या मोहित्यांचे ठरते. घराण्याचा एक पाय इंदापुरात आणि दुसरा सुप्यात रोवलेला होता.

व्यंकोजी विजापूरच्या आदिलशहाचे सेनानी म्हणून दक्षिणेत गेले. मदुरेच्या नायकांनी तंजावर घेतले होते. तिथल्या जुन्या नायक घराण्याच्या वारसाला गादी परत मिळवून द्यावी, हा मोहिमेचा उद्देश होता. झाले असे की १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजी स्वतःच तंजावरच्या गादीवर बसले. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात शिवरायांची आणि त्यांची भेट झाली. ती वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीवरून बिनसली. पुढे तह झाला तेव्हा शिवरायांनी व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना बेंगळूर व आसपासचा मुलूख चोळीबांगडीसाठी दिला. या दीपाबाईंच्या पोटी १६७२ मध्ये जन्मलेला थोरला मुलगा आजोबांच्या नावाने शहाजी म्हणून ओळखला गेला. १६८४ मध्ये तो गादीवर आला तेव्हा त्याचे वय अवघे बारा वर्षांचे होते.

मराठ्यांच्या हाती आलेले हे राज्य संगीताच्या दृष्टीने रिकामे नव्हते. आधीच्या नायक राजांनी तंजावरात फार मोठा वारसा ठेवला होता. रघुनाथ नायक, त्यांचे मंत्री गोविंद दीक्षित आणि दीक्षितांचे पुत्र व्यंकटमखी ही नावे कर्नाटक संगीतात आदराने घेतली जातात. चोवीस पक्क्या पडद्यांची वीणा याच दरबाराशी जोडली जाते. फणसाच्या लाकडाचा भोपळा व दांडी, मेणात बसवलेले धातूचे पडदे, वाजवण्याच्या चार तारा आणि तालाच्या तीन, अशी ही तंजावरी वीणा. जुन्या वीणांवर राग बदलला की पडदे सरकवावे लागत. आता प्रत्येक सप्तकात बारा पक्की स्थाने मिळाली आणि कोणताही राग पडद्याला हात न लावता वाजू लागला. याच सोयीच्या पार्श्वभूमीवर व्यंकटमखींनी ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ या ग्रंथात बारा स्वरस्थानांतून बहात्तर मेळांचे गणित मांडले. युरोपातले वाद्यकारही त्या शतकात याच प्रश्नाशी झुंजत होते, हे नवल आहे. एकाच वाद्यावर सर्व स्वरपट्ट्या चालाव्यात म्हणून तारा कशा लावाव्यात, यावर जर्मन सिद्धांतकार आंद्रेआस वेर्कमाइस्टर याचा ग्रंथ १६९१ मध्ये निघाला. दोन्हीकडच्या मंडळींना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

शहाजीराजे अशा दरबारात वाढले. घरात मराठी, राज्यात तमिळ, विद्येची भाषा संस्कृत आणि गाण्याची भाषा तेलुगू. नायकांपासून तंजावरात गायन-नृत्याची भाषा तेलुगूच होती, आणि मराठी राजांनी ती बदलण्याचा हट्ट धरला नाही. व्यंकोजींच्या स्वतःच्या नावावर तेलुगूत द्विपदी रामायण आहे. मुलाने तर या भाषेत वडिलांना केव्हाच मागे टाकले.

त्यांच्या रचनांत सर्वांत गाजलेली ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ ही तेलुगू संगीतिका. पल्लकी म्हणजे पालखी. तिरुवारूरच्या मंदिरातला शिव ‘त्यागराज’ किंवा ‘त्यागेश’ या नावाने ओळखला जातो. शहाजीराजांचे तेच आराध्य दैवत. या मूर्तीची मिरवणूक निघते ती झुलत, नाचत. खांदेकरी तिला एका विशिष्ट लयीत डोलवतात आणि देव श्वासासारखा हालतो, अशी श्रद्धा आहे. संगीतिकेचा विषय या सोहळ्याशी एकजीव झालेला आहे. शिवाच्या विरहाने व्याकूळ झालेली पार्वती सख्यांना पाठवते, देवाला पालखीतून आणवते, आणि मग त्याची सेवा होते. कथानक एवढेच. भर सारा पदांवर, रागांच्या बदलत्या छटांवर आणि पालखीच्या लयीवर. हेच विष्णूला उद्देशूनही त्यांनी रचले. विसाव्या शतकाच्या मध्यास मद्रासचे संगीतशास्त्रज्ञ पी. सांबमूर्ती यांनी शैव प्रबंध स्वरलिपीसह प्रसिद्ध केला, म्हणून तो आज गाता येतो.

नाट्य आणि गायन यांची अशी सांगड युरोपातही नवीच होती. मोन्तेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ १६०७ चा. इंग्लंडात हेन्री पर्सेलचा ‘डायडो अँड ईनियस’ १६८९ मध्ये चेल्सीतील मुलींच्या शाळेत झाला, तेव्हा शहाजीराजे सतरा वर्षांचे होते. दोन्ही परंपरांत राजा, देव, विरहिणी आणि सख्या यांचीच गर्दी आहे. फरक हा की पर्सेलची विरहिणी अखेरीस मरते. तिरुवारूरच्या विरहिणीकडे देव पालखीतून चालत येतो.

तरुण वाचकांना अधिक आश्चर्य वाटेल ते ‘सतीदानशूरमु’ या तेलुगू नाटकाचे. मन्नारगुडीच्या देवळातल्या उत्सवाला मोरोभट नावाचा एक विद्वान ब्राह्मण शिष्याला घेऊन जातो. नावावरूनच तो मराठी, हे कळते. तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील एक विवाहित स्त्री त्याच्या नजरेस पडते आणि पंडितजींचे सारे शास्त्र गळून पडते. शिष्य त्याला धर्माची आठवण करून देतो. गुरू प्रत्येक वचनाला उलटे उत्तर देतो. शेवटी त्या स्त्रीचा पतीच दानशूरपणाने पत्नी ब्राह्मणाला देऊ करतो, आणि देव साक्षात प्रकट होऊन सर्वांचा उद्धार करतो. पत्नी दान करण्याची कल्पना आज वाचताना अस्वस्थ करते, आणि तिला दानाची वस्तू मानणाऱ्या त्या काळाकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. पण उपहास कोणाचा आहे, तेही पाहावे. दरबारात बसलेल्या मराठी ब्राह्मणांसमोर त्यांच्यातल्याच एका पंडिताची फजिती होते, आणि ‘शूर’ ही पदवी त्या अस्पृश्य पतीकडे जाते. राजाच्या लेखणीतून हे उतरावे, ही साधी गोष्ट नव्हे.

भाषांचा खेळ तर त्यांना फारच प्रिय असावा. ‘पंचभाषाविलास’ या नाटकात वेगवेगळ्या प्रांतांच्या राजकन्या कृष्णाकडे येतात आणि प्रत्येकीच्या तोंडी तिची तिची भाषा आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर नांदतात. ‘विश्वातीतविलास’ व ‘राधाबंसीधरविलास’ ही त्यांची हिंदी नाटके. कावेरीकाठी, मराठी राजाने, तेलुगू यक्षगानाच्या बांधणीत लिहिलेले हिंदी नाटक! भाषेच्या नावाने आज होणारी भांडणे पाहता हा दरबार वेगळ्याच जगातला वाटतो. अर्थात पाचही भाषा प्रजेपर्यंत पोहोचत होत्या असे मानण्याचे कारण नाही, त्या दरबाराच्या होत्या.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे नाटक वेगळेच आहे. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे शहाजीराजांच्या नावावरील मराठी नाटक १६९० च्या सुमाराचे मानले जाते. आज उपलब्ध असलेल्या मराठी नाटकांत ते सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. महाराष्ट्रात रंगभूमीचा जन्म ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत, विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने झाला असे मानतात, आणि तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. म्हणजे तंजावरची नाटके त्याहून सुमारे दीडशे वर्षे जुनी. या दोन आरंभांना जोडणारा धागा सरळ नाही. भाव्यांनी तंजावरची नाटके पाहिली नव्हती. त्यांच्यापुढे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. पण ते खेळही यक्षगानाचेच. सूत्रधार, गणपती, पदे, मधून गद्य अशी एकाच दक्षिणी मुळातून आलेली रीत मराठीत दोनदा, दोन वेगळ्या वाटांनी रुजली. पहिल्या वेळी तिची आठवण महाराष्ट्राला राहिली नाही.

इथे एक सावधगिरी हवी. जुन्या काळी दरबारी कवी आपली रचना राजाच्या नावे करीत, हे सर्वत्र घडे. शहाजीराजांच्या पदरी गिरिराज कवीसारखा यक्षगानकार होता, रामभद्र दीक्षितांसारखे संस्कृत पंडित होते. तेव्हा राजमुद्रा असलेले प्रत्येक पद राजानेच बांधले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही त्यागेशाला वाहिलेल्या पदांची मोठी संख्या, त्यांतली एकसारखी भक्ती, आणि नाटकामागून नाटकात दिसणारी तीच खोडकर नजर पाहिली की यामागे एकच मन आहे असे वाटल्याशिवाय राहत नाही.

त्यांचा ‘रागलक्षणमु’ हा ग्रंथ त्या मनाची दुसरी बाजू दाखवतो. व्यंकटमखींनी गणिताने बहात्तर घरे आखली. त्यांतली बहुतेक त्या काळी रिकामी होती. शहाजीराजांनी उलट प्रश्न विचारला : गवई प्रत्यक्षात काय गातात? त्यांनी प्रचारातले राग घेतले, ते मेळांत लावले, आणि प्रत्येक रागात कोणता स्वरसमूह चालतो, कोणता चालत नाही हे गीते, ठाय, आलाप यांतले तुकडे देऊन दाखवले. अशा आलाप-ठायांच्या, गीतांच्या हस्तलिखित वह्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तीनशे वर्षांपूर्वी एखादा राग कसा गायला जाई, हे आज संशोधकाला थोडेफार सांगता येते ते अशा पुराव्यामुळे. नाटके नसती तरी या एका कामासाठी त्यांचे नाव राहिले असते. पुढे त्यांचे धाकटे बंधू तुकोजी, अर्थात तुळजाराजे यांनी १७२८ ते १७३६ या आपल्या कारकिर्दीत ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला, तो याच पायावर उभा राहिला.

आता अवघड भाग. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ ज्या सुमाराचे मानले जाते, त्याच सुमारास तंजावरपासून फार दूर नसलेल्या जिंजीच्या किल्ल्यात छत्रपती राजाराम महाराज अडकले होते. संभाजी महाराजांची हत्या, रायगडचा पाडाव, आणि महाराष्ट्र सोडून केलेला तो जिवावरचा प्रवास. १६८९ च्या अखेरीस राजाराम जिंजीला पोहोचले आणि पाठोपाठ झुल्फिकारखानाचा वेढा पडला. हा वेढा १६९८ पर्यंत चालला. राजाराम आणि तंजावरचे शहाजी हे सख्ख्या चुलत्यांचे मुलगे नसले तरी सावत्र भावांची मुले, वयात जेमतेम दोन वर्षांचे अंतर. एक भाऊ तटावर, दुसरा नाट्यशाळेत. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणाच्याही मनात इथे एक कडवट प्रश्न उभा राहतो.

त्या प्रश्नाला सरळ होकार किंवा नकार नाही. आरंभीच्या वर्षांत तंजावरने जिंजीला मदत पोहोचवली. १६९४ मध्ये झुल्फिकारखान तंजावरवर चालून आला, आणि शहाजीराजांना बादशहाचे मांडलिकत्व मान्य करून मोठी वार्षिक खंडणी कबूल करावी लागली. कावेरीचा त्रिभुज प्रदेश सपाट आहे. सह्याद्रीसारखा आडोसा नाही, गडकोटांची साखळी नाही. पाण्याने आणि भाताने समृद्ध असलेला हा मुलूख लुटारूला आमंत्रण देणारा. उत्तरेला मोगल, पश्चिमेला मदुरेचे नायक, दक्षिणेला रामनादचे सेतुपती. औरंगजेबाशी झुंजण्याचे बळ या राज्यात नव्हते. शहाजीराजांनी खंडणी देऊन राज्य राखले. हे शौर्य नव्हे, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. पण राखलेल्या त्या राज्यात काय झाले, तेही हिशेबात धरावे लागते. जिंजीच्या वेढ्याच्या काळातच, १६९३ मध्ये, कावेरीकाठचे तिरुविशैनल्लूर हे गाव त्यांनी सेहेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्याचे नाव पडले ‘शाहजिराजपुरम्’. तिथल्या श्रीधर वेंकटेश अय्यावाळ यांनी राजावर ‘शाहेंद्रविलास’ हे संस्कृत काव्य रचले. औरंगजेबाच्या स्वाऱ्यांनी दख्खन होरपळत असताना ग्रंथ, गवई आणि पंडित यांना निर्धास्त बसता येईल अशा जागा फार थोड्या उरल्या होत्या. तंजावर त्यांतली एक होती.

खुद्द युरोपचे बरोक जगही शहाजीराजांच्या किनाऱ्याला लागले होते. तंजावरच्या राज्यातल्या तरंगंबाडीला १६२० पासून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांची वखार होती. १७०६ मध्ये तिथे बार्थोलोमेउस त्सीगनबाल्ग हा जर्मन धर्मोपदेशक उतरला. बाख तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि आर्नश्टाटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता. जर्मन प्रार्थनागीते तरंगंबाडीच्या चर्चमध्ये गायली जात असताना काही कोसांवर तिरुवारूरला पालखीची पदे चालू होती. त्या वेळी दोन्ही सूर एकमेकांत मिसळले नाहीत. त्याला आणखी शंभर वर्षे जावी लागली. दुसरे सरफोजीराजे (१७९८–१८३२) यांच्या काळात व्हायोलिनला दक्षिणेत घर मिळाले. मुथुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी हे वाद्य मद्रासेत शिकले, वडिवेलूंनी ते मैफलीत मानाला नेले, आणि कोरेल्लीचे वाद्य मांडी घालून, छाती आणि पाय यांमध्ये टेकवून कर्नाटक राग वाजवू लागले.

शहाजीराजांना अपत्य नव्हते. १७१२ मध्ये गादी बंधू पहिल्या सरफोजींकडे गेली. त्यांचे आराध्य दैवत ज्या गावी होते, त्या तिरुवारूरनेच पुढे कर्नाटक संगीताचे त्रिमूर्ती दिले. श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुथुस्वामी दीक्षित हे तिघेही तिथेच जन्मले. त्यागराजांचे नावही त्याच देवाचे, आणि शहाजीराजांच्या दरबारातल्या गिरिराज कवीशी त्यांच्या घराण्याचे नाते सांगितले जाते.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. राजराज चोळाने उभारलेल्या त्या पाषाणावर, तमिळ शिलालेखांच्या शेजारी, हा भला मोठा मराठी मजकूर आजही उभा आहे. घराण्याची कथा सांगताना तो भीमेच्या खोऱ्यातल्या मालोजीराजांपर्यंत मागे जातो, आणि तिथून एक एक पिढी उतरत व्यंकोजी आणि शहाजी यांच्यापाशी कावेरीकाठी येतो.